भांडल्याशिवाय भिंत नाही

आमच्या घरामागचा मातीचा ढीग देवाने केलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण माझा नवरा त्याच्याबद्दल असं बोलायचा, जणू तो पृथ्वीच्या जन्मापासून तिथेच आहे आणि त्याला कोणी काही करू शकत नाही.

आम्ही झाशीच्या नगरा भागात घर बांधलं तेव्हा मागचा प्लॉट रिकामा होता. उताराचा, खडक वर आलेला, बाभळी माजलेल्या. झाशीत सपाट जागा मिळतेच कुठे? मग गरौठ्याकडचं एक शेतकरी कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलं. त्यांनी तो प्लॉट घेतला आणि वरच्या गल्लीच्या पातळीला यावा म्हणून ट्रॉल्यांवर ट्रॉल्या माती आणून ओतली. त्यांचं अंगण रस्त्याला लागलं. आमच्या स्वयंपाकघरामागे मात्र, मधला अरुंद बोळ सोडला की, माझ्या डोक्यापेक्षा उंच मातीचा कडा उभा राहिला. त्याला आधार काय, तर एकावर एक रचून ठेवलेले सुटे दगड. ना चुना, ना सिमेंट.

दर पावसाळ्यात ते दगड थोडे थोडे पुढे सरकायचे आणि त्यांच्यामागून माती यायची. बोळात माझी भांडी घासायची मोरी आहे, कढीपत्त्याचं झाड आहे, कपडे वाळत घालायची तार आहे. सकाळी मागचं दार उघडावं तर दाराशी चिखल. मी खराटा घेऊन तो चिखल लोटायची आणि वर बघून पुटपुटायची. पुटपुटायचीच फक्त, कारण मोठ्याने बोलायची आमच्या घरात बंदी होती. गेल्या पावसाळ्यात मातीचा एक लोंढा थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकला. तो काढला, पण भिंतीला ओटा ते छत अशी चीर गेली. पुढच्या पावसात ही खोली उभी राहील की नाही, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं.

गंमत बघा. माझ्या नवऱ्याने जन्मभर रेल्वेत हेच काम केलं. रुळांच्या कडेचे भराव आणि ते भराव धरून ठेवणाऱ्या भिंती. पावसाळ्यात ड्यूटीवरून आला की बुटांना कुठल्या ना कुठल्या घाटातला चिखल लागलेला असायचा. रेल्वेची माती धरण्यात ज्याची उमर गेली, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरामागची माती धरवेना. का? तर त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागणार होतं, आणि बोलताना एखाद्या वेळी नाही म्हणावं लागणार होतं.

त्याचे वडीलही रेल्वेतच होते. ते भुसावळहून बदलीवर इकडे आले तेव्हा हा शाळेत होता. वडिलांनी एकच गोष्ट मनावर बिंबवली: आपण बाहेरचे आहोत, कोणाशी वाकड्यात शिरायचं नाही. तेव्हा क्वार्टर्समध्ये ते बरोबरही असेल. पण वडील गेले, क्वार्टर सुटलं, आम्ही स्वतःचं घर बांधलं, तरी हा माणूस झाशीत अजून बदलीवर आल्यासारखाच राहत होता. त्याच्या हिंदीत 'तू' नाही आणि 'तुम'ही नाही. भाजीवाल्यालाही 'आप' आणि 'जी'. भाजीवाला सडका बटाटा घालतो आणि हा 'धन्यवाद जी' म्हणून घेऊन येतो.

मी तशी नाही. माझं माहेर इथलंच, शहरातलं. आमच्या पूर्वजांपैकी कोणीतरी मराठी फौजेबरोबर इकडे आला आणि परत गेलाच नाही. माहेरी आम्ही मराठीच बोलायचो, पण गल्लीत बुंदेली. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' मी मूळची झाशीची. दुसरं मूळ मला माहीत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की चीर गेल्यावर नवऱ्याने जो उपाय काढला, तो ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका संध्याकाळी मुलाशी व्हिडिओ कॉल चालू होता. मुलगा पुण्यात असतो, नवव्या मजल्यावर. तो नेहमीसारखं म्हणाला, "बाबा, एक खोली तुमच्यासाठीच ठेवली आहे." आणि हा म्हणाला, "हो, आता तोच विचार चालू आहे. हे घर काढून टाकावं. मागच्या भिंतीची काही खात्री नाही, आणि शेजाऱ्यांशी वाद घालत बसण्याचं आपलं वय नाही."

मी समोरच भाजी निवडत बसले होते. मला विचारायची तसदीसुद्धा नाही. एक भिंत मागण्याचा संकोच वाटतो म्हणून हा गृहस्थ माझं गाव विकायला निघाला होता.

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"अगं, पण घर पडलं तर?"

"पडू नये म्हणून भिंत बांधायची असते. तुम्हाला नाही का माहीत? रेल्वेने पगार कशाचा दिला?"

तो फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना मात्र भिंत कशी असावी लागते ते मला समजावू लागला. पानात भाताचं आळं केलं, एका बाजूला वरण ओतलं. "हे बघ, माती भिंत पाडत नाही. मातीत मुरलेलं पाणी पाडतं. त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर असं होतं." वरण भाताच्या बुडातून फुटून ताटभर पसरलं. "म्हणून भिंतीत भोकं ठेवतात. वीप होल. भिंतीपेक्षा भोकं महत्त्वाची. बुडाशी भिंत जाड, वर निमुळती, मागे दगड-गिट्टीचा भराव, आणि भोकं." डोळे अगदी चमकत होते. मला ते चमकणारे डोळे पाहून आणखीच राग आला. एवढं सगळं येतं, तर जा ना वर आणि सांग त्या माणसाला.

शेवटी मी पिच्छाच पुरवला तेव्हा एका रविवारी तो गेला. बरोबर मीही गेले, कारण एकटा गेला असता तर कढीपत्त्याचं झाडही देऊन आला असता.

वरच्या घरात मोठी माणसं तीन. घरमालक भैया, वयाने आमच्यापेक्षा बराच लहान, जाडजूड आणि मोठ्या आवाजाचा. त्याची बायको, जी चहा ठेवायला आत जाते ती आतच राहते. आणि त्याची म्हातारी आई, जिला सगळे अम्मा म्हणतात. अम्मा अंगणात खाटेवर बसलेल्या, पायाशी काठी, नजर आमच्यावर. भैयाने खुर्च्या मांडल्या. नवरा खुर्चीच्या कडेवर टेकला, नोकरी मागायला आल्यासारखा.

"भैया जी, वो पीछे की मिट्टी... थोड़ी आ जाती है. आपको कष्ट न हो तो एक दीवार..."

"हाँ हाँ बाबूजी, बननी तो चाहिए," भैया म्हणाला. "आप बताइए, कहाँ से बने?"

मी मनात म्हटलं, आता सांग, अर्धी तुझ्या जागेतून, अर्धी माझ्या जागेतून. माती तुझी, तर खरं म्हणजे सगळी तुझ्याच जागेतून.

"आप चिंता मत कीजिए," माझा नवरा म्हणाला. "हम अपनी तरफ़ ही बना लेंगे."

भैया त्याच्याकडे बघतच राहिला. अम्मांनी काठी उचलून पुन्हा खाली ठेवली. चहा आला, आम्ही तो प्यालो आणि घरी आलो. वाटेत नवरा म्हणाला, "बघ, किती सहज झालं. उगाच घाबरत होतो."

घरी आल्यावर मी रांगोळीचा डबा काढला, मागच्या बोळात गेले, आणि भिंतीचं बूड त्याने सांगितलं होतं तेवढ्या रुंदीचं जमिनीवर आखलं. मोरी भिंतीखाली गेली. कढीपत्ता गेला. मग मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून दाखवलं. ते बाहेरच्या बाजूला उघडतं. अर्ध्यावर येऊन ते रांगोळीच्या रेघेवर गेलं.

"इथे दगड असेल," मी म्हटलं. "आता गॅसचं सिलिंडर कुठून आणायचं ते सांगा. मी कुठून बाहेर पडायचं ते सांगा."

त्याने रांगोळीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "दार आतल्या बाजूला फिरवून घेऊ."

मी कपाळाला हात लावला.

तरी होळीनंतर काम सुरू झालं. मिस्त्री आला, दोरी लागली, खंड्यांची ट्रॉली आली. खंडे म्हणजे फोडलेले दगड, इथल्या खाणीतले, करडे, धारदार. बोळात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. पाया खणायला घेतला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मिस्त्री फावडं धुऊन सायकलला बांधत होता.

"ऊपर वालों ने मना कर दिया," तो म्हणाला. "कहते हैं, अभी मत बनाओ."

का, ते त्यालाही माहीत नव्हतं. आता एखाद्याला वाटेल की नवरा वर जाऊन विचारील. छे. तो म्हणाला, "त्यांची काही अडचण असेल." आठवडा गेला. दुसरा गेला. खणलेला पाया उघडा, खंडे बोळात, मी भांडी पुढच्या अंगणात नळाखाली घासत होते आणि येणारी-जाणारी माणसं बघत होती. मी वर निरोप पाठवला की उत्तर यायचं, भैया गावाला गेला आहे. समोर आला तर 'बाबूजी नमस्ते' म्हणून डोळे चुकवून निघून जायचा. ऊन वाढत चाललं होतं. ही कामं उन्हाळ्यात झाली नाहीत तर होत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग एका सकाळी दारात एक दलाल उभा राहिला. प्रेम नगरकडे घरं विकून देतो म्हणाला. नवऱ्याने बोलावला होता, मला न सांगता. तो चपला घालूनच आत फिरला. स्वयंपाकघरात आला, माझ्या फडताळाचं दार उघडून बघितलं, चिरेवर बोट फिरवलं, आणि तोंड वाकडं करून 'च्च' केलं.

"ये दरार तो प्लास्टर में दबवानी पड़ेगी," तो नवऱ्याला म्हणाला, मी तिथे नसल्यासारखा.

मी कणीक मळत होते. तो गेल्यावर मला रडू आलं. रागानेच आलं, पण आलं. त्या फडताळात माझ्या आईची पंचपात्री होती, तिच्या हातची लोणच्याची बरणी होती, आणि एक परका माणूस त्यात डोकं घालून भाव करून गेला होता. हे घर जाणार, ही गल्ली जाणार, आणि मी पुण्यात नवव्या मजल्यावर 'तुम्ही मूळच्या कुठल्या' या प्रश्नाचं उत्तर देत मरणार, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं.

मी हात धुतले आणि वर गेले. नवरा मागून "अगं, कुठे?" म्हणाला, तिकडे लक्ष दिलं नाही.

भैया अंगणातच होता. मला बघून आत जायला वळला.

"भैया, रुको," मी म्हटलं. "काम काए रुकवाओ?"

बुंदेली ऐकून तो थबकला. इतकी वर्षं त्याच्यासमोर मी नवऱ्याच्या शेजारी बसून त्याच्यासारखीच 'जी-जी' करत आले होते. तो काही बोलायच्या आत खाटेवरून अम्मा बोलल्या.

"हमने रुकवाओ. तुमाए बाबूजी लड़त काए नइयाँ?"

मला आधी कळेचना की त्या काय विचारताहेत. तुझा नवरा भांडत का नाही, असं त्या विचारत होत्या, आणि ते गमतीने नव्हे.

"ऐसें कौनऊ अपनी जमीन छोड़त है का?" अम्मा म्हणाल्या. "जरूर कछू चाल है."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या गावाकडे शेताची मेड़, म्हणजे बांध, ठरवायचा तर दोन्ही घरं बांधावर उभी राहतात आणि चार लोकांसमोर तोंड फाटेस्तोवर भांडतात. कोण किती ओरडला, कोण कुठे अडून बसला, हे चौघांच्या लक्षात राहतं, आणि तोच पुरावा. मग एक दगड बसतो आणि दोन्ही घरं गूळ खातात. पुढे कोणी ती मेड़ हलवत नाही. न भांडता सोडलेली जमीन म्हणजे त्यांच्या दृष्टीने फास. हा रेल्वेचा शिकलेला माणूस हसत हसत आपली जागा सोडतो, म्हणजे उद्या कोर्टात जाऊन काहीतरी भलतंच काढणार, याची भैयाला इतकी धास्ती बसली होती की तो आम्हाला तोंड दाखवेनासा झाला होता.

हा असा घोटाळा. आमचा माणूस भांडण नको म्हणून जमीन देत होता, आणि भांडत नाही म्हणून ते ती घेत नव्हते. या शहाण्या लोकांच्या मध्ये माझं स्वयंपाकघर पडायला आलं होतं. मी इतकी वैतागले की माझा आवाज चढत कुठल्या कुठे गेला.

"तो सुनो," मी म्हटलं. "माटी तुमाई, गिरे हमाए चौका में, और भीत हम अकेले बनाएँ? काए? हम का इतै किराए सें रै रए?" आम्ही काय इथे भाडेकरू आहोत, असं माझ्या तोंडून गेलं.

अम्मांनी काठी घेतली आणि उभ्या राहिल्या. काय सांगू, त्या बाईच्या अंगात जीव आला. त्या म्हणाल्या, प्लॉट भरायच्या वेळी तुम्ही का नाही बोललात. मी म्हटलं, आम्ही बोललो नाही म्हणून तुम्ही आमच्या डोक्यावर डोंगर ठेवाल? त्या म्हणाल्या, तुमचं स्वयंपाकघर आमच्या हद्दीला एवढं चिकटून का. मी म्हटलं, ते आधी होतं, तुम्ही नंतर आलात. आम्ही कड्याच्या टोकापर्यंत आलो. गल्लीतली माणसं जमली. वरच्या गल्लीतली वर, खालच्या गल्लीतली आमच्या बोळात. माझा नवरा खाली उभा राहून हात जोडत होता, "अगं पुरे, अगं खाली ये," आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची अजिबात पर्वा वाटली नाही. कढीपत्त्यापासून सिलिंडरपर्यंत सगळं मी ओरडून सांगितलं. भैयाही ओरडला. त्याची बायको, जी कधी बाहेर येत नाही, ती बाहेर येऊन ओरडली.

आणि मग ते संपलं. भिंतीचं अर्धं बूड त्यांच्याकडे, अर्धं आमच्याकडे, दगडाचे पैसे त्यांचे, मिस्त्रीची मजुरी आमची. मोरी राहिली, झाड राहिलं, दार उघडणार होतं. अम्मा धापा टाकत खाटेवर बसल्या, सुनेकडून गुळाचा खडा मागवला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तुम तो इतईं की निकरीं, बिन्नू," त्या म्हणाल्या. इतईं की म्हणजे इथलीच, आणि बिन्नू म्हणजे घरची लेक. इथे आईबापांशिवाय मला कोणी कधी तसं म्हटलं नव्हतं. मी गूळ खाल्ला.

घरी मात्र सुतक. दोन दिवसांनी नवरा म्हणाला, "इतकी वर्षं मी इथे इज्जतीने राहिलो. तू एका सकाळी घालवलीस."

"भिंत होते आहे ना?"

"होऊ दे. चांगली भिंत असली म्हणजे घराला गिऱ्हाईकही चांगलं येईल."

म्हणजे माझा जीव गेला तो घर विकण्याची सोय करण्यात. त्याने दलालाला पुन्हा फोन केला, मला ऐकू जाईल असा. काम धडाक्याने सुरू झालं होतं, भैया स्वतः खंडे उतरवत होता, आणि हा माणूस पुढच्या खोलीत पडदा लावून पेपर वाचत बसायचा. बोळाकडे फिरकायचा नाही. ज्या भिंतीसाठी एवढं तांडव झालं ती बघायचीच नाही, असं त्याने ठरवलं होतं. पालथ्या घड्यावर मी किती पाणी ओतायचं?

भिंत माझ्या कमरेच्या वर आली. मिस्त्रीचा हात चांगला होता, दगड कसे एकात एक बसवलेले. मी मोरीवर भांडी घासताना तिच्याकडे बघायची, आणि ती मला आवडायला लागली होती, याचंच वाईट वाटायचं. दुसऱ्या कोणाच्या तरी मोरीमागे उभी राहणारी भिंत.

त्या दिवशी दलाल गिऱ्हाईक घेऊन अकराला येणार होता. त्याआधी पुढच्या नळाला पाणी नाही म्हणून नवरा बादली घेऊन मागच्या दाराने बोळात आला. नाइलाजाने. बादली मोरीवर ठेवली, नळ सोडला, आणि सवयीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. खाली वाकून पाहिलं. भिंतीवर हात फिरवला.

"भोकं कुठे आहेत?" तो म्हणाला.

मिस्त्रीला मराठी येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पानी के छेद," मी म्हटलं.

"वो भैया ने मना किए थे," मिस्त्री म्हणाला.

भैया वर भराव टाकत होता. त्याने फावडं टेकवून खाली पाहिलं आणि हसत म्हणाला, "बाबूजी, हमाओ पानी आपके आँगन में गिरे, अच्छो नईं लगत. सो हमने कई, छेद मत रखो."

म्हणजे आता तो सभ्य झाला होता. माझ्या नवऱ्याकडूनच शिकला होता.

नवऱ्याचा चेहरा मी जन्मात तसा पाहिला नव्हता. मानेपासून लाल होत गेला. बादली भरून वाहत होती, त्याचं भान नाही.

"अरे, पाणी कुठून जाणार?" तो ओरडला. मराठीत ओरडला. "तुझ्या डोक्यातून? भिंतीच्या पोटात पाणी धरलं की भिंत जाते, कळतं का तुला? अख्खी जाते! माझ्या बायकोच्या अंगावर पडेल ती! कोणी सांगितलं तुला शहाणपणा करायला?"

भैयाला एक शब्द कळला नसेल. पण सूर कळला. त्याने फावडं फेकलं आणि तोही सुरू झाला, बुंदेलीत, की आपल्याच भल्यासाठी केलं तर वर शिव्या खायच्या. हा मराठीत, तो बुंदेलीत, मध्ये मिस्त्री थापी धरून उभा. अम्मांनी वरून खाट ओढत आणली, नीट ऐकू यावं म्हणून. नवरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भरावात उतरला. सगळ्यात वरचा थर त्याने स्वतःच्या हाताने उचकटला. खालचा थर फोडायला लावला. पाइपचे तुकडे मागवले, एकेक तिरपा धरून, पुढच्या बाजूला उतार देऊन बसवला, मागे गिट्टी कुठे, किती टाकायची ते ओरडून सांगितलं, आणि भैयाने एकदा चुकीची टाकली तेव्हा त्याचा हातच धरला.

या गोंधळात दलाल आला. चकाचक कपड्यातलं एक जोडपं बरोबर. मी त्यांना मागच्या दारापर्यंत आणलं, कारण ऐकायला कोणी नव्हतंच.

"बाबूजी, पार्टी आई है," दलाल म्हणाला.

नवऱ्याने वर पाहिलं. चेहऱ्याला सिमेंट, कोपरापर्यंत चिखल.

"अभी टाइम नहीं है," तो म्हणाला. 'जी' लावला नाही. "देख नहीं रहे, काम चल रहा है? हटो, धूप रुक रही है."

ते लोक गेले. मी चहा ठेवला, सगळ्यांना. इतकी वर्षं मी या माणसाला म्हणत होते, एकदा तरी उभा राहा. घरासाठी नाही राहिला. मी रडले त्यासाठी नाही राहिला. भोकांसाठी राहिला.

आता भिंत पुरी झाली आहे. पाऊस पडला की भोकांतून पाणी येतं, आणि त्याबरोबर वरच्या घरातल्या धुण्याचा फेसही येतो, माझ्या मोरीशी साचतो, आणि तो लोटायचं काम अर्थात माझंच. मी खराटा आपटून वर ओरडते. अम्मा वरून उत्तर देतात. नवरा मधूनच छत्री घेऊन येतो, कुठल्या भोकातून पाणी कमी येतंय ते वाकून बघतो, आणि मग भैयाला हाक मारून त्याच्यावर खेकसतो.

परवा मुलाचा फोन आला. मी पोळ्या करत होते, चीर बुजवलेल्या भिंतीशी. मुलगा विचारत होता, दिवाळीपर्यंत तरी येताय ना कायमचे?

"कसं येणार रे?" नवरा त्याला म्हणाला. "इथले लोक फार भांडखोर आहेत. घर सोडून जाता येत नाही."

मी पोळी उलटली.